चौदा चुका

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी सव्वानऊलाच स्वातीच्या मिल्टन कीन्समधल्या स्वयंपाकघरात कणकेचे सत्तर दिवे ओळीनं मांडून झाले होते, आणि ज्यांच्या सत्तरीसाठी ते केले होते ते तिचे सासरे, चंद्रशेखरराव, ते मोजत उभे होते. पहिल्यांदा एकोणसत्तर भरले. त्यांनी पुन्हा मोजले, तर एकाहत्तर. स्वातीनं स्वतः सकाळी दोनदा मोजले होते आणि दोन्ही वेळा बरोबर सत्तर होते. लीड्सच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं लॅब चालवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजत म्हातारा झालेल्या माणसाला ताटातले दिवे मोजता येईनात, याचं तिला जरा नवल वाटलं. पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरीच काळजी होती.

आपली बायको अलका अजून कशी आली नाही, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. स्वातीनं तिसऱ्यांदा सांगितलं की आई कस्तुरीबरोबर वेम्बलीला हार आणायला गेल्यात. त्यावर चंद्रशेखररावांनी वेम्बलीचं अंतर, मोटरवेवरचा वेग आणि हाराच्या दुकानात लागणारा वेळ यांची बेरीज करून दहापर्यंत त्या परत यायला हव्यात असा निकाल दिला. स्वातीनं होकार भरला आणि पाठ फिरवून काकडी किसायला घेतली. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, हे तिला माहीत होतं.

हार कालच आणून कस्तुरीच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या बाटल्यांच्या मागे ठेवलेला होता. आणि सहासष्ट वर्षांच्या अलकाबाई या क्षणी ड्रायव्हिंग टेस्टच्या केंद्रावर जाऊन बसल्या होत्या. आठ महिने दर मंगळवारी आणि गुरुवारी 'गुडघ्याच्या व्यायामाला' म्हणून त्या नवऱ्याच्या भाचीकडे, कस्तुरीकडे जात, ती हीच शिकवणी. टेस्ट खरं तर फेब्रुवारीतच व्हायची होती, पण त्या दिवशी बर्फ पडला, टेस्टच रद्द झाली, आणि नवी तारीख आली ती नेमकी नवऱ्याच्या सत्तरीची. वेळ सकाळचे दहा वाजून चौदा मिनिटं. कट स्वातीला ठाऊक होता. सासूचं नाव मोटारीच्या विम्यात घालण्याचं काम तिनंच इंटरनेटवरून उरकलं होतं. तिच्या नवऱ्याला, अवधूतला, मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. अवधूत चव्वेचाळीस वर्षांचा होता, सत्तावीस माणसांचं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळायचा, पण वडिलांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं.

अवधूतच्या प्रोजेक्ट सांभाळण्यामुळेच पुढचं झालं. सत्तर दिवे पेटवायला किती वेळ लागतो याची रिहर्सल करावी, असं त्याच्या मनात आलं. स्वाती नको म्हणेपर्यंत त्याचे चाळीस दिवे पेटवून झाले होते. एक्केचाळिसाव्याला छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. अवधूतनं आधी त्याच्याखाली टॉवेल हलवला, मग वर्तमानपत्र हलवलं, आणि शेवटी झाडूच्या दांड्यानं तो हळूच दाबायला गेला. अलार्म छतावरून निघाला आणि श्रीखंडाच्या पातेल्यात पडला. तिथंही तो थोडा वेळ वाजला, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करून गप्प झाला.

चंद्रशेखररावांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि सांगितलं की अलार्मशिवाय या घरात एकही दिवा पेटणार नाही. अवधूत नवा आणायला निघाला, तर त्याला आधी श्रीखंडाचं बघायला सांगण्यात आलं. ते स्वतः जातो म्हणाले. कोटाच्या खिशात किल्ली वाजवत ते बाहेर पडले, तेव्हा दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

*

लीड्सचं घर विकून मुलाजवळ राहायला येताना चंद्रशेखररावांना एकाच गोष्टीचं समाधान होतं. मिल्टन कीन्स हे गाव कोणीतरी नीट विचार करून आखलेलं होतं. आडव्या रस्त्यांना एच, उभ्यांना व्ही, पुढे आकडा, आणि जिथं आडवा उभ्याला भेटतो तिथं गोल चौक. यात चुकायला जागाच नव्हती, आणि जिथं चुकायला जागा नाही अशा ठिकाणीच त्यांना मोकळा श्वास घेता येई.

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावलं होतं. जिथं ठिपका चमकेल तिथं बटण दाबायचं. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं बटण दाबलं आणि नंतर कळलं की अर्ध्याहून जास्त ठिपके त्यांना दिसलेच नव्हते. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. समोरचं नीट दिसतं, कडेचं जातं. गाडी आजपासून बंद, आणि लायसन्सच्या ऑफिसला स्वतः पत्र लिहून कळवा, असं डॉक्टर म्हणाला. शेजारच्या खुर्चीत अलकाबाई होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला दोन गोष्टी सांगितल्या, की यंत्रात बिघाड आहे आणि हे कोणाला सांगायचं नाही. पत्र त्यांनी लिहिलं नाही. गाडी चालवणं मात्र त्यांनी आपल्या मते शास्त्रीय केलं. उजेडातच जायचं, ओळखीच्या रस्त्यानंच जायचं, आणि वेग तीसच्या वर न्यायचा नाही.

त्या सकाळी ते याच नियमानं निघाले. पहिला गोल चौक छान गेला. दुसऱ्यावर त्यांनी उजवीकडे पाहिलं, काही दिसलं नाही, म्हणून ते आत शिरले. तर समोर एक गाडी वाटेतच उभी. चौकात, मधोमध. टपावर काहीतरी पिवळं होतं. चंद्रशेखररावांनी हॉर्न वाजवला, तिला वळसा घातला आणि पुढे गेले. अशा लोकांना लायसन्स देतं कोण, असं ते मोठ्यानं म्हणाले. नवा अलार्म घेऊन, लांबच्या पण मोकळ्या रस्त्यानं ते परत आले, तेव्हा त्यांची स्वारी खुशीत होती. जेवताना सांगायला एक किस्सा मिळाला होता.

*

टेस्टच्या केंद्रावर कस्तुरी मामींच्या शेजारी बसली होती. इथं ती आठवड्यातून चार वेळा येत असे, आणि दर वेळी तिच्या शेजारचं माणूस असंच, देवळात बसल्यासारखं गुडघे जुळवून बसलेलं असे.

कस्तुरी बेचाळीस वर्षांची होती. तिची आई आशा ही चंद्रशेखररावांची धाकटी बहीण. ती नागपूरला वारली, वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि नव्या बाईंना आधीची मुलगी नको होती. तेव्हा मामांनी सात वर्षांच्या कस्तुरीला विमानात बसवून लीड्सला आणलं. याबद्दल सगळ्या नात्यात त्यांचं नाव निघायचं, आणि ते योग्यही होतं. त्यांनी तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात लावला नाही. रोज रात्रीच्या जेवणानंतर, ताटावरून उठायच्या आधी, आज आपलं काय काय चुकलं ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, एवढंच. एखादी विसरली तर मामा आठवण करून देत. लॅबमध्ये एक चूक झाली की माणूस जातो, असं ते म्हणत. अवधूतलाही हाच नियम होता, पण अवधूतच्या चुका वरणभात संपायच्या आत आटपायच्या. कस्तुरीच्या चालूच असायच्या. पुढे पुढे तिला दिवसभर जे होईल त्यातलं रात्री सांगण्याजोगं काय, तेवढंच दिसायला लागलं. चांगला गेलेला दिवस कसा असतो, हे तिला ओळखताच येईना. त्या दिवशी सांगायला काही नसे, आणि मग मामांना वाटे की ही लपवते.

एकोणिसाव्या वर्षी ती घरातून निघाली. बेकरी झाली, कपड्यांचं दुकान झालं, दोन कॉल सेंटरं झाली. कुठंही तिला काढून टाकलं नाही. आपल्याला लवकरच काढतील असं वाटून ती आधीच सोडून जायची. पस्तिसाव्या वर्षी, एका नोकरीला गाडी येणं आवश्यक होतं म्हणून तिनं टेस्ट दिली. संपल्यावर परीक्षकानं अकरा चुका वाचून दाखवल्या. कस्तुरीनं मान खाली घालून सगळ्या ऐकल्या, आभार मानले आणि दार उघडून निघाली. त्यानं तिला परत बोलावलं. कागद राहिला होता. ती पास झाली होती.

"पण अकरा चुका झाल्या," तिनं त्याला समजावलं.

पंधरापर्यंत चालतात, असं तो म्हणाला. कोणाला धोका होईल अशी एकही नको. बाकी पंधरा.

कस्तुरी त्या दिवशी केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर तासभर बसून राहिली. या देशातल्या सरकारनं माणूस चुकणार हे आधीच धरून ठेवलंय, त्याला आकडासुद्धा ठरवून दिलाय, आणि हे आपल्याला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी ती स्वतः शिकवायला लागली. आपल्याला कोणाला काही शिकवता येईल असं तिला मुळीच वाटत नव्हतं. त्या भिंतीवरून उठावं असं वाटेना, एवढंच एक कारण होतं. पण तिच्याकडे आलेले लोक शिकले. पुण्याहून, नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुली, ज्या तासाला एक येणाऱ्या बसची वाट बघत घरात रडायच्या. चारदा, सहादा नापास झालेले. एकदा एक निवृत्त पोलीसही आला होता. हात कापणारी माणसं तिच्या गाडीत बसली की अर्ध्या तासानं हात कापायचे थांबत. आता तिच्याकडे शिकायला पाच महिने थांबावं लागेल एवढी यादी होती, आणि टपावरच्या पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तिचं नाव होतं.

मामींनी जुलैत एक दिवस येऊन मला गाडी शिकव म्हटलं, तेव्हा तिनं का असं विचारलं नाही. तिच्या गाडीत का हा प्रश्न कोणालाच विचारला जात नसे.

परीक्षक आला. मिस्टर हॉलिस, उंच, सर्दी झालेला. त्यानं मामींना वीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. मामींनी तो वाचला आणि लगेच त्याच्या मागच्या गाडीचाही वाचला. शिकवणारी मागं बसली तर चालेल का, असं मामींनी विचारलं. तो म्हणाला, बसू दे, पण एक शब्द बोलायचा नाही. कस्तुरी मागं बसली. गप्प बसण्याचा सराव तिला लहानपणापासून होता.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मामी गरज नसताना थांबत होत्या, दोनदा आरशात बघायला विसरल्या, एकदा पादचाऱ्याला जा जा म्हणून हात केला. कस्तुरी मनात मोजत होती. मग तो चौक आला. मामी नीट बघून आत शिरल्या, वळायला लागल्या, आणि डावीकडच्या रस्त्यावरून एक निळी गाडी न थांबता सरळ आत आली.

मामींनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, हॉलिसच्या हातातला बोर्ड पुढे आपटला, आणि निळ्या गाडीचं नाक त्यांच्या दिव्यांपासून हातभर अंतरावरून सरकत गेलं. हॉर्न वाजला. मागच्या काचेत लीड्सच्या क्रिकेट क्लबचा स्टिकर होता आणि त्याखाली प्लास्टिकचा गणपती. स्टिअरिंगमागे नवा कोट घालून मामा बसले होते, आणि त्यांनी या गाडीकडे, टपावरच्या पाटीकडे, पाटीवरच्या नावाकडे, एकोणपन्नास वर्षांच्या लग्नाच्या बायकोकडे सरळ बघितलं, आणि ते निघून गेले.

तयार झालात की पुढे जा, असं हॉलिस हळू आवाजात म्हणाला.

"थँक्यू," मामी म्हणाल्या. "दॅट वॉज माय हजबंड."

हॉलिसनं पेन उचललं, थोडा विचार केला आणि परत ठेवलं. मामींनी आरसा बघितला, खांद्यावरून बघितलं आणि गाडी चौकाबाहेर काढली.

केंद्रावर परत आल्यावर त्यानं चौदा चुका वाचून दाखवल्या. मग पास झाल्याचा कागद दिला, आणि नियमात बसतं की नाही कोण जाणे, पण दोन्ही हातांनी मामींचा हात धरून हलवला. तो गेल्यावर मामी रडायला लागल्या. कस्तुरीला वाटलं, आनंदानं. तिच्याकडे सगळेच रडतात. पण मामींनी नाक पुसून जानेवारीतलं सगळं सांगितलं, ते यंत्र, ते ठिपके, ते न लिहिलेलं पत्र. शिकायला सुरुवात केली तेव्हाच त्यांना संशय होता. ताक पेल्याच्या शेजारी ओतलं जात होतं.

"मला कोणाकडे तक्रार करायची नव्हती ग," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातातून काढून घेतली तर हे घरात बसून मरतील. मला वाटलं, मला येत असेल तर निदान नेता तरी येईल."

कस्तुरीनं गाडी सुरू केली आणि बंद केली. तिचे स्वतःचे हात कापत होते. ते थांबेपर्यंत ती बसून राहिली, कारण विद्यार्थ्यांनाही ती हेच करायला लावायची.

*

औक्षण नव्या अलार्मच्या देखरेखीखाली, बागेत झालं. वेम्बलीहून आणलेला हार इतका गार कसा, असं चंद्रशेखररावांनी विचारलं. मोटरवेवर एसी जोरात होता, असं स्वातीनं मार्चमध्ये सांगितलं. मग पाचही जण जेवायला बसले.

अवधूतला आई आणि कस्तुरी आल्यापासून काहीतरी वेगळं वाटत होतं. आई वाढत नव्हती, नुसती बसली होती. कस्तुरी बाबांकडे सरळ बघत होती, आणि असं बघताना त्यानं तिला आजवर पाहिलं नव्हतं. स्वातीचे कान लाल होते. श्रीखंडाबद्दल त्या दोघींना कळलं की काय, अशी त्याला भीती वाटली.

पुरी संपता संपता बाबांनी किस्सा काढला. आपण कसे नियमानं चाललो होतो, चौक कसा मोकळा होता, आणि त्यात एक महाभाग कसा वाटेत गाडी लावून उभा होता.

"टपावर पिवळं काहीतरी होतं. टॅक्सी असावी," ते म्हणाले. "आणि चालवणारा अगदी म्हातारा."

अलकाबाईंनी चमचा खाली ठेवला.

"म्हातारी," त्या म्हणाल्या. "मी होते."

चंद्रशेखरराव हसले. बाकी कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू उतरलं. अलकाबाईंनी पर्समधून कागद काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो उचलला, डोकं थोडं इकडं, थोडं तिकडं करत वाचला. बराच वेळ लागला.

"चौदा चुका," ते म्हणाले.

"चौदा म्हणजे पास, मामा," कस्तुरी म्हणाली. "पंधरापर्यंत चालतात. पंधरावी, धोक्याची, तुम्ही होता, पण मामीनं वेळेवर ब्रेक दाबला."

मग अलकाबाईंनी जानेवारीतलं सांगितलं. आवाज न चढवता, तारखेसकट, डॉक्टरच्या नावासकट. अवधूत ऐकत होता आणि त्याला दिसत होतं की बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. असं या घरात कधीच झालं नव्हतं. आयुष्यभर घरात दोन बाजू होत्या, आणि तो कधी विचार न करता बाबांच्या बाजूला बसला होता, कारण तिथं त्याच्या चुका लवकर आटपत होत्या. त्यानं हात पुढे केला.

"बाबा, तुमचा किल्ली मला द्या."

"तुमची," चंद्रशेखरराव म्हणाले. "किल्ली स्त्रीलिंगी आहे."

"तुमची किल्ली मला द्या."

ते हलले नाहीत. तो हात तसाच ताटांवर राहिला, आणि अवधूतला तो मागं घ्यावा की नाही कळेना. घाबरला की त्याच्या तोंडून काहीही निघतं. आता जे निघालं ते एकतीस वर्षं आत होतं.

"आणि सेव्हन्टी-सिक्समध्ये तो लॅबचा मोठा थर्मामीटर मी फोडली होती. कस्तुनं नाही."

"फोडला होता," चंद्रशेखरराव सवयीनं म्हणाले, आणि मग थांबले.

त्या थर्मामीटरची कस्तुरीनं महिनाभर, रोज रात्री कबुली दिली होती. पहिले दोन दिवस तिनं नाही म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मान्य केलं, आणि पुढे पुढे तिला तो आपल्या हातातून पडताना आठवायलाही लागला होता. अजूनही आठवत होता. तिनं अवधूतकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडायला आलेला तिचा भाऊ रडवेला झाला होता आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला श्रीखंड लागलं होतं. तिला हसू आलं. ते आवरेना. मग स्वातीलाही आवरेना, आणि अलकाबाई तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. अवधूतला काय विनोद झाला ते समजलं नाही, पण सुटल्यासारखा तोही हसायला लागला.

चंद्रशेखरराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि दोन बोटांनी ती अवधूतच्या हाताच्या शेजारून बायकोच्या ताटाकडे सरकवली.

"मी रिपोर्ट दडवला," ते म्हणाले. "लॅबमध्ये कोणी असं केलं असतं, तर त्याला मी त्याच दिवशी काढलं असतं."

स्वातीनं त्यांना पुरी वाढली.

*

जेवणानंतर ते बागेत विझलेल्या दिव्यांपाशी जाऊन बसले. कस्तुरी दिवे गोळा करायला गेली, तेव्हा त्यांनी तिला बस म्हटलं. ती बसली. आता थर्मामीटरबद्दल काही बोलतील, अशी तिची अपेक्षा होती. त्यांना ते बोलता येणार नाही हे तिला एका मिनिटात कळलं. ते नुसतेच कोटाची बटणं लावत आणि काढत होते.

"अलकाला गाडी येते," ते शेवटी म्हणाले. "मी तिला पंचाहत्तर साली शिकवायला घेतलं होतं. तीन दिवसांत ती रडून उतरली. हिला जमणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तू ओरडत नाहीस?"

"नाही."

"चूक झाली की सांगतेस ना?"

"गाडी चालू असताना नाही. कडेला घ्यायला लावते. मग आधी त्यांना विचारते, की काय बरोबर झालं."

चंद्रशेखररावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लॅबमध्ये एखादं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की ते असेच बघत असावेत.

"मग ते शिकतात कसे?" त्यांनी विचारलं.

स्वतःला उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न मामांनी तिला आजवर विचारला नव्हता. कस्तुरीनं त्यांना सांगितलं. भ्यायलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, शेजारचं माणूसच दिसतं. म्हणून आधी शेजारच्यानं दिसेनासं व्हायचं. नागपूरच्या एका मुलीला क्लच सोडायला सहा आठवडे लागले, आणि आता ती दर आठवड्याला लीड्सला जाऊन येते. त्या पोलिसाचंही तिनं सांगितलं. बोलता बोलता अर्धा तास गेला. तिच्या लक्षात आलं की आपण शाबासकीची वाट बघत नाही आहोत. आपल्याला माहीत असलेली गोष्ट आपण, माहीत नसलेल्या माणसाला समजावून सांगतो आहोत, रोजच्यासारखं.

"माझी पद्धत निराळी होती," मामा म्हणाले.

"हो. तिच्यामुळे मला दुसऱ्याची चूक लगेच दिसते. ते कामाला येतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "दिसली तरी लगेच बोलायचं नाही, हे माझं मी शिकले."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे सांगता आलं नसतं. मग त्यांनी एक विझलेला दिवा उचलून तिच्या ताटात ठेवला, आणि दुसरा शोधायला हात फिरवू लागले. तो त्यांच्या कोपराशीच होता. तिनं तो पुढे सरकवला नाही. त्यांना तो सापडला.

चार वाजता अलकाबाईंनी आपण निघत असल्याचं जाहीर केलं. चंद्रशेखरराव सवयीनं उजवीकडच्या दाराशी गेले. तिथं बायको बसलेली पाहून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बसले, आणि पट्टा लावायच्या आधीच काहीतरी सांगायला लागले. निळी गाडी दोनदा आचका देऊन सुरू झाली.

अवधूतच्या घरापासून गल्लीच्या टोकाला एक छोटा गोल चौक दिसत असे. अवधूत, स्वाती आणि कस्तुरी दारात उभे राहून बघत होते. गाडी चौकात शिरली, वळली, बाहेर पडायच्या रस्त्यावरून पुढे गेली आणि पुन्हा फिरून आली. काचेतून चंद्रशेखररावांचं तोंड हलताना दिसत होतं. एक बोट वर होतं. गाडी दुसऱ्यांदा फिरून आली. बोट अजून वर होतं.

आई रस्ता चुकली का, असं अवधूतनं घाबरून विचारलं.

"नाही रे. मामांचं बोलणं संपायची वाट बघते," कस्तुरी म्हणाली. "मीच शिकवलंय. गोंधळ वाटला की बाहेर पडायची घाई करायची नाही, अजून एक चक्कर मारायची."

तिसऱ्या फेरीला बोट खाली आलं होतं. चौथ्या फेरीला चंद्रशेखरराव हाताची घडी घालून समोर बघत बसले होते. अलकाबाईंनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, खांद्यावरून बघितलं आणि सावकाश बाहेर पडल्या.

"चार चकरा," अवधूत म्हणाला. "त्याचे किती फॉल्ट धरतात?"

"एकही नाही," कस्तुरी म्हणाली. "कितीही मारा."